लीफ कर्लचं झाड ‘सापळा’ म्हणून ठेवू का?

प्रश्न दिंडोरी तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा आहे. टोमॅटोची लागवड होऊन पंचवीस दिवस झालेत. एकरभर प्लॉटमध्ये पंधरा-वीस झाडं लीफ कर्लने, म्हणजे पांढऱ्या माशीवाटे पसरणाऱ्या, पानं वळवणाऱ्या विषाणू रोगाने बोकडली आहेत. त्यांची पानं उलटली की पांढरी माशी जास्त दिसते, शेजारच्या चांगल्या झाडांवर कमी. व्हायरसच माशीला बोलावून घेतो, असं त्यांच्या कानावर आलंय. त्यावरून ते विचारतात: हे खरं असेल तर ती झाडं उपटायची कशाला? तशीच ठेवली तर माशी त्यांच्यावरच गोळा होईल, तेवढ्याच झाडांवर औषध मारता येईल आणि बाकी प्लॉट वाचेल. उलट ती उपटली, तर तीच माशी चांगल्या झाडांवर जाऊन बसणार नाही का?

भाऊ, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. पीक संरक्षणात माझी तीसेक वर्षं गेली. त्यातली बहुतेक दिंडोरी, निफाड, चांदवड आणि गिरणारे पट्ट्यात. पान उलटून बघणारा आणि त्यावर एवढा विचार करणारा माणूस भेटला की बरं वाटतं. तुमचं निरीक्षण बरोबर आहे. ऐकलेलंही बऱ्याच अंशी खरं आहे. पण त्यावरून काढलेला बेत उलटा पडेल. ती झाडं ठेवू नका. कारण नीट समजून घ्या, कारण पुढच्या प्रत्येक हंगामात ते उपयोगी पडणार आहे.

टोमॅटोच्या बांधणीला दिवसभर राबलेल्या बायकांचे हात आठवा. संध्याकाळी ते काळे-हिरवे झालेले असतात, साबणाने लवकर निघत नाहीत, वास तर जेवतानाही येतो. पानांवरच्या आणि खोडावरच्या बारीक केसांच्या टोकाला ग्रंथी असतात, त्या फुटून हा चिकट रस हाताला लागतो. ही टोमॅटोची पहिली तटबंदी. त्यात चिकट पदार्थ असतात आणि टर्पीन नावाचे वासाचे पदार्थही. पांढऱ्या माशीला यांतले काही टर्पीन अजिबात आवडत नाहीत. जंगली टोमॅटोच्या एका जातीत झिंजिबेरीन प्रकारचा टर्पीन भरपूर असतो. नावावरूनच कळतं, आल्यात असणाऱ्या पदार्थाचं हे जवळचं भावंड. त्या झाडाकडे पांढरी माशी फिरकायला तयार नसते. आपल्या लागवडीच्या जातींमध्ये फळाचा आकार, रंग, टिकाऊपणा निवडता निवडता ही ताकद बरीच हातची गेली. तरी जी उरली आहे ती कामाची आहे.

आता माशी झाड निवडते कशी ते बघू. लांबून तिला पिवळट-हिरवा रंग ओढतो, म्हणून तर आपण पिवळे चिकट सापळे लावतो. जवळ आल्यावर वास. पानावर बसल्यावर सोंड खुपसून रस चाखते आणि मगच ठरवते की मुक्काम करायचा, अंडी घालायची, की उडून जायचं. रंग, वास, चव अशा तीन पायऱ्या. लीफ कर्लचा विषाणू झाडात घुसला की तिन्ही पायऱ्यांवर फरक पडतो. शेंड्याची पानं पिवळी पडतात, ते तुम्हाला दिसतं. वास आणि चव बदलते, ते दिसत नाही. खरी गंमत तिथं आहे.

झाडाला कीड लागली की पेशीच्या पडद्यातल्या स्निग्ध पदार्थापासून जॅस्मोनिक आम्ल तयार होतं. हा झाडाचा ‘किडा आला’ असा निरोप. पण निरोप पोचला म्हणून लगेच टर्पीन बनत नाहीत. पंपाच्या स्टार्टरचं उदाहरण घ्या. टर्पीन बनवणारी जनुकं चालू करणारं एक प्रथिन आहे, मिक-२. तो स्टार्टर. एरवी त्याच्यावर जाझ नावाच्या प्रथिनांचं कुलूप असतं, नाहीतर झाड सगळी ताकद संरक्षणातच घालवेल, वाढणार कधी आणि फळणार कधी? जॅस्मोनिक आम्ल आलं की पेशी या जाझवर युबिक्विटिन नावाची खूण चिकटवते. ही खूण म्हणजे ‘हे मोडीत काढा’. खूण लागलेलं जाझ पेशीच्या यंत्रणेत तुकडे तुकडे होऊन जातं, कुलूप निघतं, स्टार्टर दाबला जातो, टर्पीन आणि बाकी कडू-तिखट पदार्थ तयार व्हायला लागतात.

विषाणू नेमका या कुलपापाशी हात घालतो. आणि एक नव्हे, तीन वेगवेगळे विषाणू तीन वेगवेगळ्या रीतींनी, पण याच जागी. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी थक्क झालो होतो.

टोमॅटोच्या पिवळ्या लीफ कर्लच्या विषाणूकडे सी-२ नावाचं प्रथिन आहे. चिनी संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं की ते युबिक्विटिनच्या कामात खोडा घालतं. जाझवर मोडीत काढायची खूण नीट लागत नाही, कुलूप जागेवरच राहतं. चीनमधल्याच दुसऱ्या एका लीफ कर्ल विषाणूसोबत बीटासॅटेलाइट नावाचा छोटा डीएनए फिरतो, त्याचं बीटा-सी-१ हे प्रथिन थेट स्टार्टरलाच, म्हणजे मिक-२ ला धरून बसतं. असे बीटासॅटेलाइट आपल्याकडच्या टोमॅटो लीफ कर्लच्या विषाणूंसोबतही सापडतात. तिसरा काकडी मोझॅकचा विषाणू. तो वेगळ्या घराण्यातला, पांढऱ्या माशीवर नाही, मावा या दुसऱ्या रस शोषणाऱ्या किडीवर फिरणारा. त्याचं २-बी प्रथिन जाझलाच मिठी मारतं आणि त्याला मोडीत जाऊ देत नाही.

लीफ कर्लच्या विषाणूची अख्खी जनुकीय माहिती जेमतेम २,७०० अक्षरांची असते. तेवढ्यात सहा-सात प्रथिनं. इतक्या लहान चिठ्ठीत एकेका शब्दाला दोन-दोन, तीन-तीन कामं करावी लागतात. वर सांगितलेली तिन्ही प्रथिनं झाडाची विषाणूविरोधी यंत्रणाही बंद पाडतात. म्हणजे स्वतःचा बचाव आणि वाहकाची सोय, दोन्ही एकाच हत्याराने.

याचा माशीला किती फायदा होतो? झेजियांग विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये तंबाखूच्या झाडांवर पाहिलं. परदेशातून येऊन जगभर पसरलेली बी-प्रकारची पांढरी माशी घेतली. निरोगी तंबाखूच्या तुलनेत एका लीफ कर्ल विषाणूने ग्रासलेल्या तंबाखूवर तिची अंडी १२ पट, दुसऱ्या विषाणूच्या झाडावर १८ पट झाली. आयुष्यही सहा-सात पट वाढलं. तंबाखू हे मुळात या माशीला न मानवणारं झाड, म्हणून फरक एवढा मोठा. टोमॅटो तिला आधीच मानवतो, त्यामुळे तुमच्या प्लॉटमध्ये अठरा पट वगैरे होईल असं समजू नका. पण दिशा तीच. हीच बी-प्रकारची माशी आपल्या देशात १९९९ मध्ये कर्नाटकातल्या कोलार भागातल्या टोमॅटोवर पहिल्यांदा नोंदली गेली, आणि त्यानंतर दक्षिणेत टोमॅटोवर लीफ कर्लने काय हाल केले ते जुन्या लोकांना ठाऊक आहे.

माशीचा आणखी एक डाव सांगतो, कारण तो झाडाची ‘इम्युनिटी’ वाढवते म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांशी जोडलेला आहे. झाडात कीड-जखमेविरुद्ध जॅस्मोनिक आम्लाचा मार्ग आहे, तसा बुरशी-जिवाणू-विषाणूंविरुद्ध सॅलिसिलिक आम्लाचा मार्ग आहे. बऱ्याच वेळा हे दोन मार्ग एकमेकांना दाबतात. एक पुढे गेला की दुसरा मागे. पांढरी माशी सोंड खुपसते ती पेशी फारशा न फोडता, हळूच शिरेपर्यंत जाते. तिच्या लाळेमुळे झाडाला वाटतं की रोगजंतू आलाय. झाड सॅलिसिलिकच्या तयारीला लागतं आणि माशीविरुद्धची जॅस्मोनिकची फळी ढिली पडते. २०१९ मध्ये याहून पुढचं दिसलं. माशी लागलेल्या टोमॅटोतून जो वास सुटतो, तो हुंगून शेजारचं निरोगी टोमॅटोचं झाडही चुकीच्याच तयारीला लागतं आणि माशीला सोपं जातं. शेजाऱ्याने दिलेली धोक्याची सूचनाच चुकीची.

म्हणून पांढऱ्या माशीच्या दिवसांत दर आठवड्याला सॅलिसिलिक आम्लाची फवारणी करावी, असा सल्ला मी देत नाही. ते विषाणूविरुद्ध काही प्रमाणात झाडाला जागं करत असेलही, पण माशीसाठी दार उघडं ठेवण्याची शक्यता मला नको वाटते. तो खर्च तुम्ही नर्सरीच्या जाळीवर केलेला बरा.

आता तुमच्या बेताकडे. रोगट झाडावर माशी गोळा होते, तिथंच मारू. हे बरोबर ठरायला एक गोष्ट खरी असावी लागेल: तिथं आलेली माशी तिथंच राहावी. तसं होत नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या आयडाहो विद्यापीठात गव्हावर एक सुंदर प्रयोग झाला. विषाणू न घेतलेला मावा पिवळ्या खुजेपणाच्या विषाणूने ग्रासलेल्या गव्हाकडे जायचा. पण विषाणू पोटात गेलेला मावा निरोगी गव्हाकडे जायचा. त्यांनी माव्याला झाडावर न ठेवता कृत्रिम द्रावणातूनही विषाणू पाजला, तरी त्याची आवड तशीच पालटली. म्हणजे विषाणू झाड तर बदलतोच, पण किड्याचं मनही बदलतो. पुढे अमेरिकेतच टोमॅटो आणि पांढऱ्या माशीवर असंच दिसलं: कोरी, म्हणजे विषाणू न घेतलेली माशी रोगट झाड पसंत करते, विषाणूने भरलेली माशी निरोगी झाड.

सापळ्यात गेलेलं जनावर बाहेर येत नाही. तुमच्या बोकडलेल्या झाडावर गेलेली माशी बाहेर येते, आणि विषाणू भरून घेऊन येते. तिथं रस शोषायला लागल्यावर अर्ध्या तासाच्या आत विषाणू तिच्या पोटात जाऊ शकतो. मग तो आतड्याच्या भिंतीतून रक्तात आणि तिथून लाळेच्या ग्रंथीत जायला साधारण एक दिवस घेतो. त्यानंतर ती माशी जगेल तितके दिवस, कित्येक आठवडे, ज्या झाडावर बसेल त्याला लागण करू शकते. तेवढ्यात तिला निरोगी झाडाची ओढ लागलेली असते.

आता तुमचं निरीक्षण पुन्हा बघा. बोकडलेल्या झाडावर तुम्हाला जास्त माशी दिसते ती बहुतेक कोरी किंवा नुकतीच भरत असलेली. भरलेली आधीच निघून गेली आणि तुमच्या एकरातल्या पाच-सहा हजार झाडांवर विखुरली. एका झाडावर एखादीच, म्हणून ती मोजणीत येत नाही. ‘चांगल्या झाडांवर माशी कमी आहे’ हे बघून तुम्हाला दिलासा वाटला असेल, पण त्या थोड्या माश्यांनीच पुढचं नुकसान होणार आहे. आणि फक्त रोगट झाडांवर औषध मारलंत तर ज्यांनी अजून काही बिघडवलेलं नाही त्या माश्या मराव्यात आणि ज्या भरून गेल्या त्या सुटाव्यात, असं होईल.

हे सगळं ऐकून विषाणूला अक्कल आहे असं वाटायला लागतं. तसं नाही. ज्या विषाणूमुळे किडा यायचा, राहायचा आणि मग निघायचा, तो जास्त पसरला आणि टिकला. एवढंच. किडा आणि रोगट पान यांचं हे नातं तसं जुनंच लक्षात आलेलं आहे. ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ जे. एस. केनेडी यांनी १९५१ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात लिहिलं होतं की विषाणूग्रस्त पानांवर मावा चांगला पोसला जातो. पण प्रत्येक विषाणू, प्रत्येक वाण आणि प्रत्येक माशी यांच्यात हे घडतंच असं नाही. काही प्रयोगांत माशीने रोगट झाड टाळलंय. वाण बदलला की उत्तर बदलतं. शेतात मात्र मी नेहमी वाईट बाजू धरून चालतो, कारण ती धरून चुकलो तर एक झाड जातं आणि न धरता चुकलो तर प्लॉट जातो.

काकडी मोझॅकचा उल्लेख वर केला, तर त्याचंही सांगायला हवं. २०२० च्या उन्हाळ्यात टोमॅटो पिकताना फळावर पिवळे, लाल, हिरवट पट्टे आले आणि आपल्या भागात सगळे त्याला ‘तिरंगा व्हायरस’ म्हणायला लागले, ते आठवत असेल. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने तपासलेल्या नमुन्यांत काकडी मोझॅकचा विषाणू सापडला होता. हा विषाणू लीफ कर्लच्या अगदी उलट चालतो. तो माव्याच्या पोटात जात नाही, सोंडेच्या टोकाला चिकटतो आणि काही तासांत निघून जातो. त्याला किडा मुक्कामी नको, लवकर उडणारा हवा. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये भोपळ्यावर दाखवलं की काकडी मोझॅकने ग्रासलेलं झाड निरोगी झाडासारखाच, पण जास्त जोराचा वास सोडतं. मावा भुलून येतो, सोंड घालतो, चव खराब लागते आणि लगेच दुसरीकडे जातो. जाताना सोंडेला विषाणू घेऊन. मेजवानीचं आमंत्रण देऊन ताटात कडू वाढायचं.

यातून फवारणीबद्दल एक मोठी गोष्ट कळते. काकडी मोझॅक काही सेकंदांत पसरतो, म्हणून मावा मारणारं कोणतंही औषध त्याला वेळेत थांबवू शकत नाही. उलट काही औषधं माव्याला अस्वस्थ करतात, तो जास्त झाडं चाखतो. लीफ कर्लला मात्र माशीने बराच वेळ बसणं लागतं, त्यामुळे तिथं औषधाला थोडा तरी वाव आहे. दोन्ही रोगांना आपण ‘व्हायरस’ म्हणतो आणि दुकानातून एकच बाटली आणतो.

थ्रिप्सबद्दल, म्हणजे फुलकिड्यांबद्दल थोडक्यात. टोमॅटोवर शेंडा करपवणारा, खोडावर तपकिरी डाग पाडणारा भुईमूग कळी-मर विषाणू थ्रिप्सवर फिरतो. त्याच्या कुळातल्या, टोमॅटोच्या ठिपके-मर विषाणूवर कॅलिफोर्नियात २०११ मध्ये दिसलं की विषाणू घेतलेला नर थ्रिप्स निरोगी नरापेक्षा जवळपास तिप्पट वेळा नुसती सोंड टोचतो, रस न पिता. पेशी मरत नाही, लाळ मात्र आत जाते. विषाणूला हेच हवं असतं. थ्रिप्स हा विषाणू फक्त पिल्लावस्थेत घेऊ शकतो, म्हणजे रोगट झाडावर पिल्लं वाढली तरच पुढे संकट. असं झाड ठेवण्याचा तर क्षणभरही विचार करू नका.

आता तुमची बोकडलेली झाडं काढायची कशी? यात मी स्वतः एकदा चुकलो होतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी गिरणाऱ्याजवळच्या एका प्लॉटमध्ये मी मजुरांना बोकडलेली झाडं उपटायला लावली. वेळ दुपारी बाराची, ऊन कडक. झाडं उपटून ओळीतून ओढत बांधावर नेऊन टाकली. तीन आठवड्यांनी त्याच ओळीतून, ज्या वाटेने झाडं ओढली होती त्या वाटेच्या दोन्ही बाजूंना नवीन झाडं बोकडायला लागली. बांधाकडची तर आख्खी कड गेली. उन्हात हलवलेल्या झाडांवरून माश्या उठल्या आणि जवळच्या निरोगी झाडांवर बसल्या. तुमची जी भीती आहे, की उपटलं तर माशी शेजारी जाईल, ती म्हणूनच अगदी खरी आहे. उपाय झाड न उपटणं नाही, माशी उठणार नाही अशा वेळी आणि अशा रीतीने उपटणं आहे.

संध्याकाळी फिरून रोगट झाडांना रंगीत सुतळी बांधा. सकाळी उजाडता उजाडता, पानावर दव असताना जा. त्या वेळी माशी थंडीने सुस्त असते, हलत नाही. खताची आतून प्लास्टिक असलेली रिकामी गोणी वरून हळूच झाडावर उतरवा, बुडाशी आवळून धरा, मगच खोड कापा. झाड गोणीतच राहील, वर बांधून टाका आणि गोणी प्लॉटच्या बाहेर उन्हात दोन-तीन दिवस ठेवा. उन्हाने आतली माशी आणि पानांखालची पिल्लं दोन्ही मरतात. बांधावर, ओढ्यात किंवा जनावरांपुढे टाकू नका. लीफ कर्ल हाताने किंवा कात्रीने सहसा पसरत नाही, त्यामुळे तेवढी धास्ती नको, पण हात धुतलेले बरे, कारण दुसरे काही विषाणू हातानेच पसरतात.

त्याच दिवशी संध्याकाळी पूर्ण प्लॉटवर, पानाच्या खालच्या बाजूला पोचेल अशी पांढऱ्या माशीच्या औषधाची फवारणी करा. याआधी कोणत्या गटाचं औषध वापरलं होतं ते आधी पाहा आणि वेगळ्या गटाचं घ्या. आपल्या भागात इमिडाक्लोप्रिड या औषधाला ही माशी बरीच सरावली आहे. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटाची औषधं टाळा. त्याने माशीचे शत्रू आधी मरतात आणि पुढच्या पंधरा दिवसांत माशी दुप्पट जोमाने येते. युरियाचा हात आवरा. नत्राने पोसलेली कोवळी हिरवीगार पानं माशीला फार आवडतात.

एवढं केलं तरी तुमच्या प्लॉटमधलं सगळं रोगट काढून झालं असं समजू नका. लागण झाल्यापासून झाड बोकडायला दोन ते तीन आठवडे लागतात. लक्षणं दिसायच्या आधीच झाडात विषाणू असतो आणि माशी तो घेऊ शकते. म्हणून पुढचे तीन आठवडे दर चार दिवसांनी ही फेरी मारावी लागेल. आणि हिशोब बघा. तुमच्या झाडांवर पंचविसाव्या दिवशी लक्षणं आली, म्हणजे लागण लागवडीच्या पहिल्या दिवसांत किंवा नर्सरीतच झाली. रोपं जिथून आणली तिथं माशी आत शिरणार नाही अशी बारीक विणीची, पन्नास मेशची जाळी होती का, दाराला दुहेरी पडदा होता का, शेजारी जुना टोमॅटो किंवा वेलभाज्या उभ्या होत्या का, हे जाऊन बघा. पुढच्या लागवडीला रोप ट्रेसकट उचलायच्या आधी दहा-बारा रोपांची पानं तिथंच उलटून पाहा. मोठ्या प्लॉटमध्ये शंभर फवारण्यांनी जे साधत नाही ते जाळीतल्या पंचवीस दिवसांत साधतं.

लीफ कर्लला सहनशील वाण लावलात तर नुकसान नक्की कमी होईल. जंगली टोमॅटोतून आणलेली टीवाय नावाची जनुकं त्यात असतात. पण अशा झाडातही विषाणू थोडा असतोच, लक्षण मात्र दिसत नाही. सहनशील वाणाचा प्लॉट शेजारच्या साध्या वाणाला निर्धोक आहे असं गृहीत धरू नका.

आणि एक गोष्ट जी माझ्या जिवाला फार लागते. पिंपळगावच्या बाजारात भाव पडला, वीस किलोच्या कॅरेटला तोडणी-वाहतुकीचा खर्चही निघेना की माणूस प्लॉट सोडून देतो. त्याच सुमारास द्राक्षाच्या छाटण्या आलेल्या असतात, मजूर तिकडे जातात. बांबू-तारेवर उभा असलेला, पाणी नसलेला, बोकडलेला प्लॉट महिना-दीड महिना तसाच राहतो. ज्याने तो सोडला त्याच्या पदरात खरोखर काही राहिलेलं नसतं, मी त्याला दोष देत नाही. पण त्या काळात त्यातली हजारो झाडं आसपासच्या माशीला बोलावत असतात, भरून पाठवत असतात. खाली वाढलेली कामुनी, धोतरा, गाजरगवत तो विषाणू पुढच्या हंगामापर्यंत जपतात. गावातल्या पाच-दहा जणांनी मिळून एक दिवस ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर घेऊन, आधी माशीची फवारणी करून, असा प्लॉट गाडून दिला तर सोडणाऱ्यावर भार येत नाही आणि सगळ्यांचं भलं होतं. मोहाडी-खेडगाव पट्ट्यात असं करणारी मंडळी मी पाहिली आहेत.

तर उद्या संध्याकाळी सुतळी बांधायला जाल तेव्हा एक कागद सोबत घ्या. ओळी आखा आणि प्रत्येक बोकडलेल्या झाडाच्या जागी ठिपका द्या. चार दिवसांनी पुन्हा, वेगळ्या रंगाने. ठिपके सगळीकडे विखुरलेले असतील तर विषाणू बहुतेक रोपांतून आलाय. एकाच ठिकाणी गोल दाटत असतील तर आपल्याच रोगट झाडांवरून पसरतोय, फेऱ्या वाढवा. एखाद्या बांधाच्या कडेने दाट असतील तर पलीकडे काय उभं आहे ते बघायला लागेल. कागदाचा फोटो पाठवा. कडेने दाट असेल तर मी स्वतः येतो, बांधापलीकडच्या शेतकऱ्याशी आपण दोघं मिळून बोलू.